एक्केचाळिसावा आवाज

अक्का, मिगेल जिवंत आहे.

हे आधी सांगून टाकतो. नाहीतर मध्ये चार किस्से घुसतील, त्यातले अडीच मी वाटेत बनवलेले असतील, आणि मुद्दा राहून जाईल. त्याची बस घाटात उलटली नाही. तो दरीत पडला नाही. मेक्सिकोत धडधाकट आहे, पोट सुटलंय, आणि मेव्हणीच्या लग्नात छत्रीएवढी टोपी घालून नाचतानाचा फोटो त्याने मला पाठवला होता, तू दवाखान्यात होतीस त्याच आठवड्यात. तो फोटो माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता आणि मी तुझ्या उशाशी स्टुलावर बसून त्या माणसाला मारत होतो.

तू जाऊन आज अकरा दिवस झाले. परवा रविवारी मल्लेश्वरमच्या तुझ्या घरात, पुढच्याच खोलीत, सगळे जमणार आहेत. तुझे विद्यार्थी, बंगळूर मराठी मंडळातली चार डोकी, समोरच्या घरातल्या कन्नड मावशी. मेघनाने मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. "दहाच, काका. आणि प्लीज, खऱ्या गोष्टी सांगा." तुझी शेवटची विद्यार्थिनी, पुण्याची, नोकरी सोडून नाकातल्या स्वरांच्या मागे लागलेली. तीसुद्धा आता तुझ्यासारखाच चष्मा घसरवून माणसाकडे बघते. तशी बघितली की मला उगाच खिसे तपासावेसे वाटतात.

सोमवारी ती कागदांचा गठ्ठा घेऊन आली. तू वीस वर्षांत जमवलेले त्रेसष्ट आवाज. त्रेसष्ट माणसं, त्यांच्या भाषेतले नाकातून जाणारे स्वर, आणि त्यावरचं तुझं अर्धं राहिलेलं पुस्तक, जे ती पुरं करणार आहे. प्रत्येक आवाजामागे एक कागद. बोलणारा कोण, भाषा कुठली, आणि खाली एक ओळ: 'या माणसाला आणणाऱ्याची सही'. त्रेसष्टही ठिकाणी आणणारा मीच. बासष्ट सह्या मी एका बैठकीत ठोकल्या. एक्केचाळीस नंबरचा कागद गठ्ठ्याखाली सरकवला.

"काका, एक राहिला."

"पेन संपलं," म्हटलं.

अक्का, पेन चालू होतं. तिने ते माझ्या हातातून घेतलं, आपल्या तळहातावर रेघ ओढून बघितली आणि टोपण लावून पर्समध्ये टाकलं.

तुझी-माझी ओळखच आरशावरून झाली. जे. पी. नगरात मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम. मी तिळगुळाच्या ताटाशी उभा राहून पंधरा-वीस जणांना सांगत होतो की व्हाइटफील्डच्या गेस्ट हाउसमध्ये परदेशी पाहुण्यांच्या गाड्या लावता लावता मला अठरा भाषा गेंगाण्या सुरात बोलता यायला लागल्या आहेत, आणि फ्रेंच तर अशी येते की पॅरिसच्या पाहुण्याने रडत मिठी मारली. लोक हसत होते. तू गर्दीतून पुढे आलीस, पर्समधून तळहाताएवढा स्टीलचा आरसा काढलास आणि माझ्या नाकाखाली आडवा धरलास.

"बोल."

मी बोललो. नाक आतून आवळून, पॅरिस दणाणून सोडलं.

तू आरसा सगळ्यांना दाखवलास. "बघा. नाकातून हवा आली तर वरच्या बाजूला वाफ धरते. वर काहीच नाही, ठणठणीत कोरडा. याची सगळी हवा तोंडातून. खाली बघा, पूर आलाय." मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "सर्दीचा आवाज काढतोस तू. लोकांना वाटतं सर्दी झालेला माणूस नाकात बोलतो. उलट आहे. त्याचं नाक बंद असतं. खरा नाकातला स्वर म्हणजे पडजीभ खाली येते, नाकाचं दार उघडतं आणि हवा दोन्हीकडून जाते. दार बंद ठेवून नुसतं गेंगाणं बोललं की मला इथे दिसतं."

पन्नास माणसांत असा पचका माझा आजवर झाला नव्हता. (वीस होती. पण आता तू नाहीस, तर पन्नास म्हणू दे.) जाताना म्हणालीस, "व्हाइटफील्डला परदेशी येतात म्हणतोस ना? रविवारी एखादा घेऊन ये. उप्पीट करते."

तिथून सुरू झालं. गेस्ट हाउसचे पाहुणे रविवारी नुसते बसलेले असत. मी त्यांना 'शहर दाखवतो' म्हणून गाडीत घालायचो आणि दीड तास ट्रॅफिकमध्ये शिजवून तुझ्या दारात उतरवायचो. तू त्यांच्यापुढे उप्पीट ठेवायचीस, मग रेकॉर्डिंगचा फोन, मग आरसा. ब्राझीलची ती उंच बाई आठवते? त्यांच्या पोर्तुगीजमधलं साधं 'नाही' म्हणाली आणि आरसा असा धुकला की समोरच्या मावशींच्या खिडकीलाही दव आलं. नायजेरियाची योरुबा बोलणारी नर्स, जी आरसा बघून म्हणाली की हा रिपोर्ट माझ्या डॉक्टरला दाखवू का. तो फ्रेंच म्हातारा, ज्याने सांगितलं की त्याच्या आजीच्या तोंडी नाकातले स्वर चार होते आणि नातवाच्या तोंडी तीनच उरलेत. हे सांगताना त्याचे डोळे भरले, आणि तू त्याला आणखी एक वाटी उप्पीट वाढलंस, जणू चौथा स्वर त्यात होता.

पॅराग्वेचा एक मुलगा येऊन गेला तेव्हा तू मला समजावलं होतंस. त्याच्या गुआरानी भाषेत एक स्वर नाकात गेला की शेजारचेही जातात. एका जागी लागण झाली की अख्खा शब्द नाकात. "एक बिघडला की सगळे?" मी विचारलं. "बिघडत नाहीत रे," तू म्हणालीस, "पण एकटा कुणी राहत नाही." हे वाक्य मला पुढे नऊ वर्षं चावलं. का, ते येतंच आहे.

आपलं भांडण एकच होतं, आणि ते मिटलं नाही. माझं म्हणणं, जगातल्या सगळ्या भाषांत नाकातला एक शब्द आहेच. 'हं.' फोनवर पलीकडचा बोलत असतो आणि आपण 'हं, हं' करतो, तो. तू चिडायचीस. "सगळ्या म्हणू नकोस. सगळ्या तपासल्यास का? आणि हं हा शब्द नव्हे, नुसता हुंकार." पण अक्का, माझी प्रत्येक थाप तू हंवरच ऐकलीस. मी सांगायचो, आज हूडीच्या सिग्नलला गाडी इतका वेळ उभी होती की पाहुण्याला दाढी आली. तू विळीवर मिरच्या चिरत म्हणायचीस, "हं." खरं मानलंय म्हणून नव्हे. 'चालू दे, ऐकतेय' एवढंच. माझ्या बायकोने ते कधीच बंद केलं होतं. जगात माझ्यासाठी एकच हं शिल्लक होतं आणि ते मल्लेश्वरमला होतं.

आता एक्केचाळीस.

नऊ वर्षांपूर्वी तू कॉफी गाळताना म्हणालीस, "मेक्सिकोच्या डोंगरात एक भाषा आहे, चिनान्तेक. तिथे स्वर नाकात दोन मापांनी जातो म्हणतात, थोडा आणि पुरता. दोन्हीचे अर्थ वेगळे. मी नुसतं वाचलंय. कानाने एकदा ऐकायला मिळायला हवं होतं." असं तू कधी मागितलं नव्हतंस.

आणि मी म्हणालो, "पुढच्या रविवारी आणतो."

का म्हणालो? गेस्ट हाउसमध्ये त्या आठवड्यात मेक्सिकोचा एक इंजिनिअर उतरला होता, म्हणून. मिगेल. मी विचारलं तर तो पोट धरून हसला. जन्म मोठ्या शहरात, स्पॅनिशखेरीज एक अक्षर येत नव्हतं. इथे थांबायचं होतं. अक्का, नाही मिळाला, एवढं म्हणायचं होतं. पण रविवार आला, आणि तू दारात नवा पट्ट्यापट्ट्यांचा सतरंजीचा तुकडा अंथरलेला मी लांबून बघितला. डोंगरातून येणाऱ्या माणसासाठी.

गाडीत मी मिगेलला सात शब्द शिकवले. कुंडलहळ्ळी बसस्टॉपचे तीन तुकडे केले, हूडी उलटं केलं, दोन त्याने आपल्या डोक्याने बनवले, एक मला वाटतं शिवी होती. "नाकात बोल," मी म्हटलं. त्याने सर्दी झालेल्या बदकासारखं नाक आवळलं. आम्ही दोघं इतके हसलो की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली.

तुझ्या खोलीत हसू आलं नाही. तू त्याच्यासमोर बसलीस, फोनवर रेकॉर्डिंग लावलंस, आरसा पुसलास. मला म्हणालीस, "तू आत कॉफीचं बघ." मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा. बाहेरून एकेक शब्द येत होता, प्रत्येकानंतर तुझा आवाज, "अगेन, प्लीज." पुन्हा तुकडा कुंडलहळ्ळीचा. पुन्हा "अगेन." सात शब्द, तीन-तीन वेळा. माझ्यासमोरचं दूध उतू गेलं, गॅस विझला, मी हललो नाही. बाहेर आलो तेव्हा तू वहीत लिहीत होतीस. वर बघितलंस.

"छान माणूस आणलास, सदा."

बस. एवढंच. त्यावर तू त्याला डबा भरून चकल्या दिल्यास.

पुढे मी वाट बघत राहिलो. तू कुठे व्याख्यानाला गेलीस की मी दिवसभर घड्याळ बघत बसायचो. आज एक्केचाळीस वाजवणार, कुणीतरी उठणार, म्हणणार, बाई, हे तर आमच्या घराजवळचं बसस्टॉप आहे. तू कधी वाजवला नाहीस. मला वाटलं, पुस्तकासाठी राखून ठेवलाय, शेवटच्या प्रकरणाला. म्हणजे स्फोट फक्त लांबलाय. कितीदा ठरवलं, आज सांगू. सरी, ठीक, आज नक्की. यशवंतपूरपर्यंत धीर असायचा. तुझ्या गल्लीत वळलं की धीर उतरून परत जायचा, मी पुढे यायचो आणि दुसरीच काहीतरी थाप सांगायचो. तू म्हणायचीस, "हं."

मग दवाखाना. नाकात प्राणवायूची नळी, तरी तू नर्सच्या मल्याळमचे स्वर ऐकत होतीस. मी गेलो तेव्हा डोळे मिटलेले होते. मी स्टूल ओढलं तशी म्हणालीस,

"ऊटा आय्ता?"

"झालं जेवण, अक्का."

"सदा, तो मेक्सिकोचा. त्याला फोन लागेल का?"

मी स्टूल मागे सरकवलं. "कशाला?"

"एक शब्द परत ऐकायचाय."

आणि मी म्हणालो, "अक्का, तो गेला."

"कुठे?"

"गेला म्हणजे... वारला."

तू डोळे उघडलेस. "कसा?"

एकदा तोंड उघडलं की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. घाट आला. बस आली. धुकं आलं. दरी आली, तिला खोली आली. तू विचारलंस, "मुलं?" मी दोन मुली दिल्या. धाकटीला तर शाळेचा गणवेशही घातला. हे सगळं सांगताना मी तुझ्या हंची वाट बघत होतो, कारण ते आलं असतं तर ही नेहमीची थाप झाली असती, आपल्यातली.

आलं नाही. तू तोंड भिंतीकडे वळवलंस. "स्वल्प झोपते," म्हणालीस.

दोन दिवसांनी तू गेलीस.

आज सकाळी मेघना तुझ्या घरी परत आली. पेन घेऊन. तुझ्या टेबलाशी बसली, एक्केचाळीसचा कागद माझ्यापुढे सरळ केला. "काका, मी हा आवाज पुस्तकात शेवटी घेतेय. सगळ्यात रेअर आहे. मॅडमच्या यादीत चाळीसनंतर डायरेक्ट बेचाळीस आहे, टायपिंगमध्ये राहिला असणार. फक्त तुमची सही."

सही केली असती तर संपलं असतं. तू नाहीस, मिगेल मेलेला, कुंडलहळ्ळीला कोण ओळखतंय. पुस्तक छापलं गेलं असतं, वर तुझं नाव, आणि कुठल्यातरी दूरच्या विद्यापीठात कधीतरी एखाद्या खऱ्या चिनान्तेक बोलणाऱ्या माणसाने त्यासोबतचा तो आवाज ऐकला असता. मला पॅराग्वेचा मुलगा आठवला. एकटा कुणी राहत नाही.

"मेघना, तो खोटा आहे," मी म्हटलं.

ती हसली. "काका, आज नको. सीरियसली."

तेव्हा कळलं मला, अक्का, आयुष्यभर थापा मारल्याचा हिशेब कसा होतो. खरं सांगतोय हे पटवायलाच मला अर्धा तास लागला. शेवटी फोन काढून नाचणारा मिगेल दाखवला. मग सात शब्द तिच्यासमोर म्हणून दाखवले, क्रमाने, बसस्टॉपसकट. तिने पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? एक खोटा निघाला की बाकीच्या बासष्टवर कोण विश्वास ठेवणार? वीस वर्षं होती त्यांची!"

"कळतंय."

"आणि त्यांना शेवटपर्यंत..." ती थांबली. उठून कपाटाशी गेली. "थांबा. आरसा. त्यांनी आरसा धरला होता?"

"सातही शब्दांना."

आरशाच्या वह्या तिने अजून आवाजांशी जुळवल्या नव्हत्या. खालच्या खणातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली, पानं उलटली. मी खुर्चीत. खिडकीबाहेर फुलांची गाडी 'मल्लिगे, मल्लिगे' ओरडत गेली. मग मेघनाने वही माझ्यापुढे ठेवली आणि बोट ठेवलं.

तुझं अक्षर. ४१. नाकाची बाजू: कोरडी. सातही शब्द. त्याखाली, जिथे इतरांच्या रकान्यात तू भाषेविषयी दोन ओळी लिहायचीस, तिथे एवढंच:

'पुस्तकात नको. सदाला विचारायचं नाही. सांगेल.'

तारीख त्या रविवारचीच. म्हणजे मी स्वयंपाकघरात दूध उतू जाऊ देत होतो तेव्हा तू हे लिहीत होतीस, आणि मग वर बघून म्हणालीस, छान माणूस आणलास.

मला आधी राग आला, अक्का. खरं सांगतो. विचारायचं होतंस की! एक कान धरला असतास, मंडळात केलास तसा पचका केला असतास, मी मोकळा झालो असतो. नऊ वर्षं मी तुझ्या गल्लीत घामाघूम होऊन वळत होतो आणि तू आत बसून 'सांगेल' म्हणत होतीस. हा कसला विश्वास? आणि दवाखान्यात तू शब्द मागत नव्हतीस. तू मला दार उघडून देत होतीस. शेवटचं. मी आत येऊन एका माणसाचा खून केला आणि त्याच्या मुली अनाथ केल्या.

मेघनाने पाणी दिलं. तिनेच नंतर हळूच म्हटलं, "मॅडमनी यादीतून मुद्दाम काढला होता. मीच घालत होते." मग थोड्या वेळाने, "होगली बिडी, काका." जाऊ दे म्हणायला पुण्याची मुलगी कन्नड बोलली. तुझीच सवय लागलीय तिला.

जाऊ दिलं नाही मी. तो कागद घेतला आणि भरला. भाषा: स्पॅनिश. शब्द: खोटे, सदाशिवने जुळवलेले. बोलणारा: हयात. खाली सही. आयुष्यात मी इतकी आखूड गोष्ट कधी लिहिली नव्हती. दुपारी मिगेलला कळवलं, की तू गेलीस, आणि त्याआधी तो गेला होता. त्याने विचारलं, "कसा?" सगळ्यांना तेच विचारायचं असतं. मग त्याने लिहिलं की तुझ्या चकल्यांचा डबा अजून त्याच्याकडे आहे, त्यात तो स्क्रू ठेवतो.

तुझा आरसा मी मागून घेतलाय. मेघना हो म्हणाली. घरी येऊन नाकाखाली धरला, आणि पॅरिस नाही की मेक्सिको नाही, नुसतं तुझ्यासारखं 'हं' म्हणून बघितलं. वरची बाजू धुकली. वीस वर्षांत पहिल्यांदा, अक्का. भांडण मिटलं असं मी म्हणत नाही. सगळ्या भाषा तपासल्या नाहीत. एक तपासली.

रविवारी हे वाचून संपवलं की मी जरा गप्प उभा राहीन. मेघनाला वाटेल, काका पुढचं विसरले. समोरच्या मावशी पदर डोळ्याला लावतील. मी काही विसरलेलो नसेन. गोष्ट संपली की दोन क्षण थांबायची मला सवय आहे, तुझ्याकडून आवाज येईपर्यंत.

सांगितलं, अक्का.